उसातला बिबट्या आणि गावाचे कर्तव्य



पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की वृत्तपत्रांच्या जिल्हा पानावर काही बातम्या ठरल्याप्रमाणे येऊ लागतात. अमुक शिवारात बिबट्याचे दर्शन, तमुक वस्तीवर शेळी फस्त, ऊस तोडताना तीन बछडे सापडले. वाचक पान उलटतो. मात्र एखाद्या वर्षी त्यापुढची बातमी येते आणि पान उलटणारा हात थबकतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात, जेमतेम तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचे प्राण गेले. त्यांत दोन लहान मुले होती. संतप्त ग्रामस्थ रस्त्यावर उतरले, महामार्ग रोखला गेला आणि अखेर वन विभागाच्या नेमबाजांनी एका बिबट्याला ठार केले. ज्या घरातले लेकरू अंगणातून उचलले गेले, त्या घरापुढे वन्यजीव संवर्धनाची भाषा बोलायला कोणाचीही जीभ धजावणार नाही. म्हणूनच या विषयाचा विचार शांतपणे, घटना घडण्यापूर्वी आणि समाजाने एकत्र बसून करायला हवा.

अशा प्रसंगी दोन प्रकारचे मत हमखास ऐकू येते. पहिले मत असे की बिबट्या हा जंगलातला प्राणी, त्याला पकडून जंगलात सोडून यावे म्हणजे प्रश्न मिटेल. दुसरे मत शहरातील निसर्गप्रेमींचे. माणसाने जंगले तोडली म्हणून बिचारा बिबट्या गावात आला, असे ते म्हणतात. दोन्ही मतांत परस्परविरोध दिसत असला, तरी दोघांचे गृहीतक एकच आहे. ते म्हणजे, बिबट्या जंगलातून आला आणि गावात तो उपरा आहे. गेल्या दोन दशकांत याच महाराष्ट्राच्या मातीत झालेल्या संशोधनाने नेमके हे गृहीतकच तपासले. त्यातून निघालेले निष्कर्ष प्रत्येक ग्रामसभेत पोहोचले पाहिजेत, इतके मोलाचे आहेत.

पाणी आले, ऊस आला

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून वन खात्याचा जुन्नर विभाग होतो. या भागाचे चित्र पालटले ते कुकडी प्रकल्पामुळे. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या धरणांचे पाणी कालव्यांतून शिवारात फिरले. जिथे बाजरी आणि ज्वारीवर भागत होते, तिथे ऊस उभा राहिला, घरे पक्की झाली, मुले शिकली. या समृद्धीबद्दल कोणी खंत करण्याचे कारण नाही. पण पाणी कालव्यातून वाहते तेव्हा ते केवळ पिकाचे गणित बदलत नाही, साऱ्या परिसराच्या जीवनाची घडी बदलते.

सुरू ऊस सुमारे बारा महिने शेतात उभा असतो, आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने. म्हणजे वर्षाचा बहुतेक काळ त्या शिवारात पुरुषभर उंचीचा, दाट, थंड आणि माणसाची वर्दळ नसलेला आडोसा असतो. पाटाचे पाणी जवळ असते. वस्त्यांवर कुत्री, मांजरे, शेळ्या, कोंबड्या असतात. गावाबाहेर कचऱ्याचे ढीग असतात आणि त्यावर जगणारी मोकाट कुत्री व डुकरे असतात. बिबट्याला याहून अधिक काय हवे? घनदाट अरण्य, मोठी हरणे, विस्तीर्ण कुरणे ही वाघाची गरज. बिबट्याची गरज लहान भक्ष्य आणि लपायला जागा एवढीच आहे. मादी सुमारे तीन महिन्यांच्या गर्भावस्थेनंतर साधारणपणे दोन-तीन पिलांना जन्म देते आणि वर्ष-दीड वर्ष त्यांना सोबत घेऊन फिरते. उसाच्या फडात जन्मलेल्या आणि तिथेच वाढलेल्या बिबट्यांच्या पिढ्या आता या भागात आहेत. त्यांना 'जंगलात परत' नेण्याच्या गोष्टी बोलल्या जातात, तेव्हा त्यांनी ते जंगल कधी पाहिलेलेच नसते.

वन्य प्राण्यांच्या अधिवासावर माणसाचा परिणाम म्हटले की कुऱ्हाड आणि बुलडोझर डोळ्यांपुढे येतात. ते चित्र खरे आहे, पण अपुरे आहे. माळरान नांगराखाली आले, त्यावर पाणी खेळले, विजेच्या तारा आल्या, तेव्हा माळढोक पक्ष्याचे घर गेले. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या परिसरात १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले, तरी आज साऱ्या देशात हा पक्षी दीडशेच्या आतबाहेर उरला आहे. त्याच पाण्याने आणि त्याच उसाने बिबट्याला मात्र नवे घर दिले. माणूस भूमीचा वापर बदलतो तेव्हा काही जीव नाहीसे होतात, काही जीव दाराशी येऊन राहतात. दोन्हींची जबाबदारी माणसाच्याच पदरी येते.

पिंजऱ्याने काय साधले?

जुन्नर विभागात २००१ साली बिबट्यांना पकडून दूर सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. पिंजऱ्यात शेळी बांधायची, सापडेल तो बिबट्या धरायचा आणि दूरच्या वनक्षेत्रात सोडून यायचे. हेतू चांगला होता. बिबट्याचा जीवही वाचावा आणि गावकऱ्यांचाही. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेच्या परिणामांचा अभ्यास केला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी २००१ ते डिसेंबर २००३ या काळात २९ बिबटे पकडल्या जागेपासून सरासरी ४० किलोमीटरच्या आसपास अंतरावर सोडण्यात आले होते. त्यापूर्वी, १९९३ पासूनच्या काळात, माणसांवरील हल्ल्यांचे वार्षिक प्रमाण सरासरी ४ होते. मोहिमेच्या काळात ते १७ झाले. प्राणघातक ठरलेल्या हल्ल्यांचे प्रमाणही दुपटीने वाढून ३६ टक्क्यांवर गेले. जो उपाय प्रश्न सोडवण्यासाठी योजला होता, त्याच्याबरोबर प्रश्न चौपट झाला.

याची कारणे समजून घेतली पाहिजेत. बिबट्या आपला मुलूख ठरवून राहतो. पाणी कुठे, भक्ष्य कुठे, माणसे कोणत्या वेळी कुठून जातात-येतात, हे त्याला पाठ असते आणि म्हणूनच तो माणसाला टाळू शकतो. त्याला पकडताना गर्दी, आरडाओरडा, पिंजऱ्याच्या गजांवर धडका, दातांना व पंजांना इजा असे सारे सोसून तो अनोळखी प्रदेशात सोडला जातो. तिथे दुसऱ्या बिबट्यांचा मुलूख असतो. तो भटकतो, घराच्या दिशेने परतू पाहतो आणि वाटेत त्याची माणसांशी अवचित गाठ पडते. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या घेतो. शिवाय शेळीच्या वासाने पिंजऱ्यात आलेला बिबट्या हाच माणसावर हल्ला करणारा होता, याची खात्री कोणी द्यायची? पुष्कळदा निरपराध प्राणी उचलला जातो आणि गाव निर्धास्त झोपते, तर धोका तिथेच राहिलेला असतो.

मुंबईने हाच धडा वेगळ्या प्रकारे गिरवला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे वन चारी बाजूंनी महानगराने वेढलेले आहे. २००४ च्या जूनमध्ये तिथल्या हल्ल्यांनी कळस गाठला होता. त्याआधीच्या काळात इतरत्र पकडलेले बिबटेही या उद्यानात सोडले गेले होते. पुढे ती पद्धत थांबली. २०११ पासून वन विभाग, संशोधक आणि नागरिक यांनी मिळून वस्त्यावस्त्यांत लोकशिक्षणाचे काम हाती घेतले आणि हल्ले लक्षणीयरीत्या घटले. बिबटे कमी झाले म्हणून हे घडले, असे नाही. २०१८ च्या गणनेत तिथे ४७ बिबटे आढळले होते. अर्थात काम एकदा करून संपत नाही. आरे वसाहतीत २०२१ आणि २०२२ मध्ये पुन्हा हल्ले झाले, ही गोष्टही नजरेआड करता येणार नाही.

अकोले तालुक्यातील रात्री

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात याच अभ्यासकांनी पुढचा प्रश्न हाती घेतला. माणसांच्या दाट वस्तीत नेमके किती बिबटे राहतात? ओढ्याकाठी, बांधावर, पायवाटांवर स्वयंचलित कॅमेरे लावले गेले. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे निराळे असतात, त्यावरून एकेक प्राणी ओळखता येतो. ज्या परिसरात दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, तिथे दर शंभर चौरस किलोमीटरला सरासरी ४.८ प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तितकीच तरसे आढळली. जवळपास राष्ट्रीय उद्यान नाही, वाघर नाही, हरणांचे कळप नाहीत. आणि तरीही माणसांवरील हल्ले तिथे अपवादात्मक होते. रात्री बिबट्या घराच्या भिंतीजवळून जात होता, दिवसा उसात निपचित पडून राहत होता. माणसे मात्र त्याच उसाच्या बांधावरून शाळेत, बाजारात, दूध घालायला जात-येत होती.

त्याच्या विष्ठेच्या तपासणीतून तो काय खातो हेही कळले. त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव वा गावातील प्राण्यांचा होता आणि त्यात सर्वांत मोठा, ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्याचा. शेळ्यांचा वाटा त्या मानाने पुष्कळच कमी होता. म्हणजे उसातला बिबट्या मुख्यतः पोसला जातो तो गावाच्या उकिरड्यावर. कचरा कुत्र्याला पोसतो आणि कुत्रा बिबट्याला. ही साखळी लक्षात आली की पिंजऱ्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, उकिरडाही या प्रश्नाच्या केंद्रस्थानी येतो.

याच संशोधनातील एका बिबट्याची कथा मराठी माणसाला चित्रपटामुळे ठाऊक झाली. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्क नर गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. अभ्यासकांनी त्याचे नाव 'आजोबा' ठेवले. लोहमार्ग, महामार्ग, कारखान्यांच्या वसाहती ओलांडीत सुमारे १२० किलोमीटर अंतर कापून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला.

२०११ मध्येच केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने मानव-बिबट संघर्षासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. दिसला बिबट्या की लाव पिंजरा, या पद्धतीला त्यांत स्पष्ट नापसंती दर्शवली आहे. पण सूचना कागदावर असतात आणि लोकक्षोभ रस्त्यावर असतो. गावाला विश्वासात घेतल्यावाचून अधिकाऱ्याच्या हातून शास्त्रशुद्ध निर्णय होणे अवघड आहे.

वाघोबाचा मुलूख आणि उसाचा मुलूख

महाभारताच्या उद्योगपर्वात वन आणि वाघ हे परस्परांचे रक्षक असल्याचा दृष्टान्त आला आहे. सह्याद्रीच्या वनवासी समाजाने हा विचार जगण्यात उतरवला. वारली बांधवांच्या पाड्यांवर वाघोबाची ठाणी आहेत. अकोल्याच्या डोंगराळ पट्ट्यातील महादेव कोळी समाज दिवाळीच्या तोंडावर वाघबारस साजरी करतो. या परंपरेत भाबडेपणा नाही. वाघ-बिबटे गुरे नेतात, प्रसंगी माणूसही मारतात, हे त्या समाजाला पुरते ठाऊक आहे. तरी त्याने या प्राण्याशी नाते जोडले आहे आणि नात्याबरोबर मर्यादाही आल्या आहेत. केव्हा कुठे जायचे नाही, गुरे कशी राखायची, पोरांना काय शिकवायचे, हे शहाणपण पिढ्यान्पिढ्या हस्तांतरित झाले.

उसाच्या पट्ट्यातील शेतकऱ्याकडे ही शिदोरी नाही आणि त्यात त्याचा काही दोष नाही. त्याच्या पणजोबाच्या काळात त्या माळावर बिबट्याला लपायला जागाच नव्हती. नवा शेजारी त्याच्या पिढीत आला. डोंगरावरच्या समाजाने शतकानुशतकांत जे कमावले, ते या पट्ट्याला काही वर्षांत उभे करायचे आहे. त्याला शास्त्राची जोड मिळाली, एवढेच आजच्या काळाचे भाग्य.

बळी कोणाचा जातो?

या प्रश्नाची सर्वांत दुखरी बाजू इथे आहे. पक्क्या घरात, दिव्याच्या उजेडात राहणाऱ्याला बिबट्याचे भय तुलनेने कमी. दरवर्षी बीड आणि आसपासच्या भागांतून ऊसतोड कामगार येतात आणि फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या घालून राहतात. पहाटे आई-बाप तोडीला जातात आणि तान्ही मुले बांधावर, झोळीत, मोठ्या भावंडाच्या भरवशावर असतात. बिबट्या उभ्या माणसाला सहसा टाळतो. लहान मूल किंवा खाली वाकलेला, उकिडवा बसलेला माणूस त्याला भक्ष्यासारखा भासू शकतो. उघड्यावर शौचास बसावे लागणारी स्त्री, मेंढ्यांच्या वाड्याशेजारी उघड्यावर झोपणारे धनगराचे कुटुंब, रात्रीची वीज येते म्हणून अंधारात दारे धरायला जाणारा शेतकरी, हे सारे त्या धोक्याच्या तोंडी आहेत. निसर्गाच्या नावाने हा भार सर्वांत दुर्बळ माणसाने वाहावा, अशी अपेक्षा करणारे संवर्धन न्याय्यही नाही आणि ते टिकणारही नाही.

त्यामुळे उपायांचा आरंभ इथून व्हायला हवा. शेतीला दिवसा वीज मिळणे हा वीजपुरवठ्याचा विषय समजला जातो. बिबट्याच्या पट्ट्यात तो जीवित-रक्षणाचा विषय आहे. सौर कृषी वाहिन्यांची योजना २०१७ पासून राज्यात आहे. तिच्या अंमलबजावणीत या तालुक्यांना अग्रक्रम मागण्याचा हक्क गावांना आहे. कारखान्यांनी तोड टोळ्यांच्या मुक्कामासाठी फडापासून दूर, उजेडाची आणि कुंपणाची जागा द्यावी. शौचालय आणि मुलांसाठी पाळणाघर असावे. शेळ्यांचे गोठे चारी बाजूंनी आणि वरून बंद असावेत. घर आणि ऊस यांच्यात काही अंतर मोकळे सोडावे. कोंबड्यांची घाण, खानावळींचे खरकटे, मेलेली जनावरे उघड्यावर टाकू नयेत. मोकाट कुत्र्यांची संख्या नियंत्रणात राहावी. सायंकाळनंतर मुलांनी एकट्याने अंगणाबाहेर जाऊ नये, मोठ्यांनी बोलत, गाणी लावत, विजेरी घेऊन चालावे. यांतली एकही गोष्ट अवघड नाही. अवघड आहे ते सर्वांनी सातत्याने करणे.

बिबट्या दिसताच जमणारी गर्दी हाही मोठा धोका आहे. विहिरीत पडलेला बिबट्या शिडी वा बाज सोडून, माणसे दूर ठेवली तर रात्री आपोआप निघून जाऊ शकतो. भोवती हजार माणसे आणि मोबाइलचे कॅमेरे असतील तर तो बाहेर येताच समोर दिसेल त्याच्यावर झेपावतो. तोडीत सापडलेली पिले उचलून गावभर मिरवू नयेत. जुन्नर भागात वन विभाग आणि माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राच्या वैद्यकांनी अशी पिले तपासून त्याच जागी सुरक्षित ठेवल्यावर रात्री आई येऊन त्यांना घेऊन गेल्याचे कितीतरी प्रसंग घडले आहेत. पिले न सापडलेली मादी त्याच शिवारात चवताळून फिरत राहते. गावातील तरुण मंडळे गणेशोत्सवात आणि यात्रेत हजारोंची गर्दी शिस्तीत हाताळतात. तेच कौशल्य इथे उपयोगी पडू शकते. प्रत्येक गावात प्रशिक्षित दहा तरुण असावेत आणि वन खात्याचे पथक येईपर्यंत लोकांना मागे ठेवणे एवढेच त्यांचे काम असावे.

आणि जो बिबट्या खरोखरच माणसावर टपून हल्ले करू लागला आहे, त्याचे काय? तिथे संदिग्धता नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याला पहिल्या अनुसूचीत सर्वोच्च संरक्षण दिले आहे. त्याच कायद्याच्या अकराव्या कलमाने मानवी जीवितास धोकादायक ठरलेल्या प्राण्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांना दिला आहे. पगमार्क, कॅमेऱ्यातील छायाचित्रे, जनुकीय चाचणी यांच्या आधारे नेमका प्राणी ओळखून हा अधिकार वेळीच वापरला गेला, तर उरलेल्या शेकडो बिबट्यांवरचा लोकांचा राग ओसरतो. विलंबाने माणसेही मरतात आणि बिबटेही. माद्यांच्या प्रजननावर नियंत्रण ठेवण्याचा विचारही आता पुढे आला आहे. त्याचा परिणाम दिसायला वर्षे लागतील. तोवर आज रात्री कोपीत झोपणाऱ्या मुलाचे रक्षण त्याने होणार नाही.

देशातील बिबट्यांचा २०२२ चा अंदाज १३,८७४ आहे आणि त्यात महाराष्ट्राचा आकडा १,९८५ आहे. ही मोजणी मुख्यतः वनक्षेत्रांतील आहे. उसातले बिबटे तिच्यात पूर्णपणे आलेले नाहीत. तेव्हा हा शेजारी किती मोठा आहे याचा नेमका हिशेबही अजून व्हायचा आहे, आणि गावोगावच्या नोंदींवाचून तो होणारही नाही. कोणत्या वस्तीवर केव्हा दिसला, काय उचलले, भरपाई मिळाली की नाही, याची साधी वही ग्रामपंचायतीत ठेवली तरी संशोधकांना आणि वन खात्याला तिचा आधार मिळेल.

पुढचा गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी बिबट्याच्या पट्ट्यातील प्रत्येक ग्रामसभेने तीन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत. आपल्या शिवारात तोडीला येणाऱ्या कुटुंबांची मुले रात्री कुठे झोपणार? शेतीची वीज कोणत्या वेळी येणार? गावाचा कचरा कुठे जाणार? ही उत्तरे समाधानकारक असतील, तर पिंजऱ्याची मागणी करण्याची वेळ क्वचितच येईल.